वाफेची गाडी आणि सोलापूरचं पाणी

गच्चीवर किंवा अंगणात मांडलेल्या रुळांवर धावणारी हातभर लांबीची आगगाडी म्हटलं, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सेलवर चालणारं खेळणं येतं. धुराड्यातून जरासा नकली धूर आणि पोटात मोटर. लाईव्ह स्टीम इंजिनात मोटर नसतेच. तिथे तांब्याचा खरा बॉयलर असतो, त्यात खरं पाणी उकळतं, आत खरी ज्योत जळते आणि त्या वाफेच्या जोरावर चाकं फिरतात. गाडी चालू असली की शेजारच्या गच्चीवरून प्रश्न ठरलेला: "मालक, ह्यात सेल किती लागतात ओ?" "सेल न्हाईत, पाणी लागतंय," असं उत्तर मिळालं की विचारणारा जिना चढून वर येतोच.

या छंदावरची बहुतेक पुस्तकं आणि इंजिनाबरोबर येणारी माहितीपत्रकं ब्रिटनसारख्या थंड, ओलसर देशांत लिहिली गेली आहेत. गॅस गारठला तर काय करायचं यावर त्यात पानंच्या पानं सापडतात. टाकी उन्हानं तापली तर काय, यावर ओळभरही नसते. वाफेचं शास्त्र सगळीकडे एकच असलं तरी अडचणी गावागावांच्या वेगळ्या असतात, म्हणून हा लेख सोलापूरच्या उन्हाला, मातीला आणि मुख्य म्हणजे पाण्याला धरून लिहिला आहे.

आधी मापाचं बघू. बागेतल्या गाड्यांसाठी दोन रुंदीचे रूळ जास्त चालतात: ३२ मिलिमीटर आणि ४५ मिलिमीटर. ३२ मिलिमीटरवर प्रामुख्याने दोन फूट रुंदीच्या रुळांवरच्या गाड्यांची मॉडेलं धावतात, म्हणजे दार्जिलिंगच्या जातीच्या. खरा रूळ ६१० मिलिमीटर, त्याचा एकोणिसावा भाग ३२, असा हिशेब. दार्जिलिंगच्या बी क्लास इंजिनाचं वाफेवर चालणारं मॉडेल ब्रिटनच्या राउंडहाउस कंपनीनं काढलेलं आहे. ४५ मिलिमीटरचा रूळ मीटर गेजचा साडेबाविसावा भाग होतो. एलजीबी या जर्मन कंपनीनं १९६८ पासून हे माप घरोघरी नेलं. आपल्याकडची होटगी-गदग लाइन मीटर गेजचीच होती.

मग आपली बार्शी लाइट? ती या दोन्हींच्या मधली, अडीच फुटांची, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं ती उभी केली आणि १८९७ मध्ये आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. पुढे हीच लाइन पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. एका ॲक्सलवर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, या एका नियमावर कॅलथ्रॉपनं सगळी गाडी बेतली होती. म्हणूनच लीड्सच्या किटसन कंपनीनं तिच्यासाठी केलेल्या पहिल्या इंजिनांना दांड्यांनी एकमेकांना जोडलेली आठ चाकं आणि त्यामागे आणखी चार चाकं होती. ३२ मिलिमीटरच्या रुळावर हे इंजिन बसवायचं तर प्रमाण १:२४ च्या जवळ येतं. तयार मिळेल अशी आशा ठेवू नका. ज्यांना लेथ येतो त्यांनी मात्र मनावर घ्यावं असं हे काम आहे. जुन्या रेल्वे कामगारांच्या घरांत या गाडीचे फोटो अजून निघतात.

आता इंजिनाच्या पोटात शिरू. या मापाच्या साध्या इंजिनात पाव लिटरच्या आसपास पाणी मावतं. बॉयलरमधून आरपार एक नळी गेलेली असते आणि तिच्यात गॅसची लांबट शेगडी बसवलेली असते. पाणी त्या नळीभोवती असतं. तोंड बंद असल्यामुळे वाफेचा दाब वाढत जातो आणि दाब वाढला की पाणी उकळण्याचं तापमानही वर सरकतं. घरातला प्रेशर कुकर हेच करतो. तो साधारण एक बारवर (बार हे दाबाचं माप, साधारण हवेच्या दाबाएवढं), म्हणजे १२० अंशांच्या आसपास शिजवतो. आपलं इंजिन ४० पीएसआयवर, म्हणजे पावणेतीन बारच्या जवळपास चालतं आणि तेव्हा आतलं पाणी १४१ अंशांवर असतं. कुकरच्या शिट्टीच्या जागी इथे स्प्रिंगचा सेफ्टी व्हॉल्व्ह. ठरलेल्या दाबापुढे तो आपणहून उघडतो आणि जास्तीची वाफ सोडून देतो.

ही वाफ रेग्युलेटर नावाच्या झडपेतून सिलिंडरकडे जाते. सिलिंडरमध्ये दट्ट्या असतो. वाफ एकदा त्याच्या पुढून ढकलते, एकदा मागून. कोणत्या क्षणी कुठून ढकलायचं हे एक छोटी सरकती झडप ठरवते आणि त्या झडपेला हलवणारी दांड्यांची जाळी आपल्याला चाकांच्या बाहेर नाचताना दिसते. तिचा सगळ्यात ओळखीचा प्रकार एगिद वॉल्शार्ट्स या बेल्जियन माणसानं १८४४ मध्ये शोधला. दोन्ही बाजूंचे सिलिंडर मुद्दाम पाव फेऱ्याच्या फरकानं जोडलेले असतात. एका बाजूचा दट्ट्या टोकाला पोचून अडकण्याच्या बेतात असतो, तेव्हा दुसऱ्या बाजूचा ऐन मध्यावर पूर्ण जोरात असतो. वापरून झालेली वाफ धुराड्यातून बाहेर पडते. दोन दट्टे आणि प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार सुस्कारे. लहानपणी तोंडानं काढलेली छुकछुक ती हीच.

खऱ्या इंजिनाचं चित्र लहान करता येतं, निसर्गाचे नियम लहान करता येत नाहीत. लांबी १९ पट कमी केली की पृष्ठभाग ३६१ पट कमी होतो आणि आतलं पाणी तब्बल ६,८५९ पट कमी. म्हणजे पाण्याच्या प्रत्येक थेंबामागे उष्णता गळायला १९ पट जास्त पृष्ठभाग मिळतो. खरं इंजिन आग विझल्यावरही बराच वेळ गरम राहतं, आपलं लगेच मंदावतं. आता कुणाला वाटेल, सोलापुरात एवढं ऊन असताना वाफ पटकन तयार होत असेल. तसं नाही. अडीचशे मिलिलिटर पाणी तीस अंशांवरून १४० वर न्यायला साधारण ११५ किलोज्यूल लागतात. त्यातल्या दोनशे मिलिलिटरची वाफ करायला आणखी सव्वाचारशेच्या वर. थंड देशात पाच अंशांच्या पाण्यानं सुरुवात केली तर वर फक्त पंचवीस-सव्वीस किलोज्यूल जादा. एकूण खर्चात हा फरक पाचेक टक्क्यांचा. खरी ऊर्जा खाते ती वाफ, तापणं नव्हे, आणि त्यात आपल्या उन्हाची फारशी मदत होत नाही.

ऊन आपला हिसका दाखवतं ते गॅसला. या इंजिनांत ब्युटेन भरतात. शून्य अंशाच्या आसपास ब्युटेनमध्ये टाकीबाहेर पडण्याइतकाही दाब नसतो, म्हणून तिकडची मंडळी टाकीभोवती कोमट पाणी ठेवतात. २० अंशांवर त्याचा दाब हवेपेक्षा साधारण एक बार जास्त असतो आणि ४५ अंशांवर तीन बारच्या पुढे. एप्रिलमध्ये गच्चीवर अर्धा तास उन्हात राहिलेल्या टाकीत किती दाब असेल याचा अंदाज यावरून करा. अशा वेळी गॅसची चावी नेहमीइतकी उघडली तर ज्योत शेगडी सोडून वर उडते, घोंघावते आणि बॉयलर तापवण्याऐवजी धुराड्यातून निघून जाते. चावी केसभरच उघडायची आणि आवाज ऐकायचा. नीट जळणाऱ्या शेगडीचा आवाज मंद, सलग असतो. तो कर्कश झाला की गॅस जास्त झाला.

भरतानाही हीच गंमत. ब्युटेनच्या डब्यातून टाकीत गॅस जातो तो दाबाच्या फरकावर. टाकी डब्याहून गरम असेल तर आत काही जातच नाही आणि माणूस व्हॉल्व्ह बिघडला म्हणून खोलायला बसतो. एक फेरी, म्हणजे गॅस भरल्यापासून संपेपर्यंतची धाव, झाल्यावर इंजिन गार होऊ द्या, टाकीभोवती ओला पंचा गुंडाळा, डबा मात्र सावलीतला, साधा घ्या, लगेच भरतं. भरताना आसपास दुसरं कुठलंही पेटतं इंजिन, उदबत्ती, विडी नको. ब्युटेन हवेच्या दुप्पट जड असतो. तो वर उडून जात नाही, फरशीवर साचतो.

स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस भरण्याचा मोह टाळा. त्यात प्रोपेनचं मिश्रण असतं आणि प्रोपेनचा दाब ब्युटेनच्या कितीतरी पट जास्त. ही बारकी टाकी त्यासाठी केलेलीच नसते. "जरासा घेतला तर काय होतंय" हे वाक्य या एका बाबतीत ऐकून घेऊ नये. काही जुनी आणि काही स्वस्त इंजिनं स्पिरिटच्या वातींवर चालतात. त्यांचा धोका वेगळा: स्पिरिटची ज्योत भर उन्हात दिसत नाही. सांडलेलं स्पिरिट पेटलं आहे हे हात भाजल्यावर कळतं. दिवसा चालवायचं असेल तर इंजिन सावलीत पेटवा आणि शेजारी ओलं पोतं ठेवा.

पेटवण्याची पद्धत अशी: पुढची, धुराड्याखालची धुरपेटी उघडायची किंवा धुराड्याच्या तोंडाशी लायटर धरायचा आणि मग गॅस हळूच सोडायचा. 'फप्' असा आवाज होऊन ज्योत मागे शेगडीवर जाऊन बसते. ती पुढे धुरपेटीतच जळत राहिली तर बॉयलर गार राहतो आणि पुढचा रंग करपतो. म्हणून पेटवल्यावर एकदा वाकून आत बघायचंच. फक्त चेहरा धुराड्याच्या वर आणायचा नाही.

आता पाणी. सोलापुरात पाण्याचा विषय काढला की नळाला किती दिवसांनी आलं यावरच गाडी जाते. पण इथे मुद्दा त्या पाण्यात काय विरघळलंय हा आहे. बोअरच्या पाण्यात भरपूर क्षार असतात. बादलीच्या कडेला, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तो कॅल्शियम कार्बोनेटचा. बॉयलरमधलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि क्षार मागे राहतात, दर फेरीला थोडे थोडे. हा थर उष्णता अडवतो. मग त्याच गॅसमध्ये वाफ कमी बनते, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेची बारीक वाट बुजते आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या बैठकीवर कण अडकून तो कायम फुसफुसत राहतो. काच बुजली की ती खोटं बोलते: आत पाणी संपत आलेलं असतं आणि काच अर्धी भरलेली दाखवते. या छंदात काहीही बिघडलेलं चालेल, ही काच बिघडलेली चालत नाही.

यावर उपाय सोपे आहेत. पहिला, पावसाचं पाणी. पहिले एक-दोन पाऊस गच्ची धुवायला सोडून द्या, नंतर स्वच्छ भांड्यात थेट आकाशातून पडलेलं धरा, दुहेरी फडक्यातून गाळा आणि बंद कॅनमध्ये भरून ठेवा. एका फेरीला पाव लिटर लागत असेल तर वीस लिटरमध्ये ऐंशी फेऱ्या होतात. ते पन्हाळीतून आलेलं नको, त्यात स्लॅबचा चुना उतरतो. दुसरा उपाय म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी. ते क्षारमुक्त असतं, सगळीकडे मिळतं आणि चांदीच्या डाकानं जोडलेल्या तांब्याच्या बॉयलरला चालतं. पितळी बॉयलरला मात्र ते सतत वापरू नये. अगदी निखळ पाणी भुकेलेलं असतं, ते पितळेतलं जस्त हळूहळू ओढून घेतं आणि धातू ठिसूळ होतो. त्यात थोडं साधं पाणी मिसळलं की ही भूक मोडते. घरच्या आरओचं पाणी मधल्या दर्जाचं. क्षार कमी असतात, पण असतात. नाइलाज म्हणून ठीक.

आधीच थर बसला असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्व कामाला येतं. लिटरभर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम, ते द्रावण बॉयलरमध्ये भरून थोडा वेळ ठेवायचं, मधूनमधून हलवायचं आणि ओतून टाकायचं. मग स्वच्छ पाण्यानं खळखळून धुवायचं, तेही पुन्हा पुन्हा, बाहेर येणाऱ्या पाण्याची आंबट चव जाईपर्यंत. (चव खरंच घेऊ नका. लिटमस कागद स्वस्त मिळतो.) आग पेटवून हे करायचं नाही आणि पितळी बॉयलरमध्ये रात्रभर ठेवायचं नाही. व्हिनेगरचाही उपयोग होतो, पण पितळेला ते आणखी त्रासाचं.

भरण्याचं प्रमाण कळायला फार जड नाही. बॉयलर तोंडापर्यंत भरायचा आणि सिरिंजनं वीस-तीस मिलिलिटर परत काढायचं. ही रिकामी जागा वाफेसाठी. ती ठेवली नाही तर वाफेबरोबर पाणीच सिलिंडरमध्ये घुसतं. गॅसची टाकी अशा मापाची केलेली असते, की पाणी संपण्याआधी गॅस संपावा. तांब्याचा कोरडा बॉयलर ज्योतीवर मऊ पडतो आणि आसपास कथलाच्या डाकाचे सांधे असतील तर १८०-१९० अंशांनाच सुटतात, म्हणून हा हिशेब. मधेच गॅस पुन्हा भरायचा आणि पाणी तसंच ठेवायचं, असं केलं की हे सगळं संरक्षण आपण आपल्या हातानं काढून टाकतो. दर वेळी दोन्ही भरायचं किंवा दोन्ही नाही.

पाण्यानंतर तेल, आणि इथे एक फार देखणी युक्ती बघायला मिळते. सिलिंडरमध्ये १४० अंशांची ओली वाफ सतत येत-जात असते. तिथे साधं तेल टिकत नाही. ते धुऊन जातं किंवा पाण्यात फेसाळून चिकट होतं. म्हणून ४६० ग्रेडचं घट्ट स्टीम सिलिंडर ऑइल वापरतात. ते औद्योगिक वंगणं विकणाऱ्या दुकानात मिळतं, मोटारच्या दुकानात नाही. ओल्या धातूला धरून राहावं म्हणून अशा तेलात बऱ्याचदा थोडी प्राणिज चरबी मिसळलेली असते. ज्यांना ती हाताळायची नसेल त्यांनी घेतानाच विचारावं.

हे तेल सिलिंडरपर्यंत पोचवणारा कुणी पंप नसतो. मागच्या केबिनमध्ये अंगठ्याएवढी एक पितळी कुपी असते. वाफेची नळी तिच्या वरच्या भागातून आरपार गेलेली असते आणि त्या नळीला सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. सुरुवातीला कुपी तेलानं भरून बूच घट्ट लावायचं. गाडी सुटली की छिद्रातून थोडीशी वाफ कुपीत शिरते आणि थंड होऊन तिचं पाणी होतं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला जातं. तळाशी जेवढं पाणी साचलं, तेवढंच तेल वर उचललं जातं आणि त्याच छिद्रातून नळीत उतरून वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं. हलणारा एकही भाग नाही, तरी इंजिन जेवढं चालेल तेवढंच तेल मिळतं. फेरी संपल्यावर कुपीचं बूच उघडा. वर तेलाचा पिवळट-तपकिरी थर आणि त्याखाली सिरिंज बुडवली की आधी गढूळ पाणी येतं, मग काळसर तेलाचे धागे. जितकं पाणी निघालं तितकं तेल आत गेलं. कुपी आतून नुसती तेलानंच भरलेली निघाली, तर छिद्र बुजलंय आणि इंजिन कोरडं धावलंय. पण बूच उघडण्याआधी बॉयलरचा दाब शून्य झालाय ना, हे बघायचंच. नाहीतर उकळतं तेल अंगावर येतं.

बाहेरच्या दांड्यांना आणि ॲक्सलला वेगळं, पातळ मशीन ऑइल लागतं. पुस्तकं सांगतात, सढळ हातानं द्या. आपल्याकडे तसं नको. मार्च ते मे सोलापूरच्या हवेत बारीक धूळ असते आणि तेलात मिसळलेली धूळ सांधे घासून काढते. आधी जुनं तेल कापडानं पुसायचं, मग सुईच्या टोकावर राहील तेवढा एकेक थेंब.

दाब चढला, काटा चाळीसवर आला, की लगेच रेग्युलेटर उघडून गाडी सुटेल अशी अपेक्षा नको. सिलिंडर अजून गार असतात. पहिली वाफ आत जाताच तिचं पाणी होतं, आणि पाणी दाबलं जात नाही. दट्ट्या जागच्या जागी अडतो. रेग्युलेटर थोडासा उघडा ठेवून इंजिन हातानं हळूहळू पुढे-मागे ढकलायचं. धुराडं काळपट तेलकट पाण्याच्या पिचकाऱ्या टाकतं. नुकताच रंग दिलेला कठडा किंवा वाळत घातलेली चादर जवळ असेल तर त्याच दिवशी घरात या छंदावर बंदी येते. पिचकाऱ्या थांबून कोरडे सुस्कारे सुरू झाले की इंजिन तयार. हात लावताना चामड्याचे हातमोजे हवेत.

एकटं इंजिन सोडलं तर ते उधळतं आणि वळणावर आडवं होतं. मागे डबे हवेतच, तेही जरा वजनदार. ओझं असलं की चाल संथ राहते. रेग्युलेटरला रिमोट बसवता येतो आणि चढ-उतार असतील तर तो हवाच. तो नसेल तर रूळ पूर्ण सपाट ठेवण्याला पर्याय नाही. वळणाची त्रिज्या दीड मीटरच्या खाली नेऊ नका. लहान इंजिनं त्याहून कमीतही फिरतात, पण घासत फिरतात.

रूळ मांडताना काळ्या मातीचा विचार आधी करायचा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हाताची बोटं जातील एवढ्या भेगा पाडते. अंगणात तिच्यावर थेट टाकलेला रूळ वर्षातून दोनदा लाटांसारखा होतो. एक तर ती माती खणून काढून मुरूम ठोकून भरायचा, नाहीतर जमीन सोडून वर यायचं. वर येणं सोयीचंही आहे, कारण कमरेच्या उंचीवर इंजिन पेटवताना पाठ मोडत नाही. आपल्याकडे त्यासाठी शहाबादी फरशीसारखी दुसरी वस्तू नाही: विटांचे छोटे खांब, वर फरशीच्या पट्ट्या, त्यावर रूळ. ती आगीला आणि सांडलेल्या तेलाला दाद देत नाही, लाकडासारखी वाळवीही लागत नाही. गच्चीवर मांडत असाल तर लक्षात ठेवा, गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. गवंड्याची पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि प्रत्येक खांबावर पातळी बघा.

मग ऊन. हिवाळ्याच्या पहाटे रूळ पंधरा अंशांवर असतो आणि मे महिन्याच्या दुपारी साठीला पोचतो. दहा मीटर पितळी रूळ तेवढ्यात साडेआठ मिलिमीटर वाढतो, ॲल्युमिनियमचा दहाच्या वर. ही वाढ जायला जागा नसेल तर रूळ बाजूला फुगून बाहेर येतो. थंडीत मांडत असाल तर दर मीटरच्या सांध्यात एकेक मिलिमीटर फट ठेवा, दुपारच्या उन्हात मांडत असाल तर फट न ठेवता रूळ एकमेकांना टेकवा. आणि रूळ फरशीला जागोजागी खिळवू नका. तो सरकायला मोकळा हवा, विशेषतः वळणावर. वाफेच्या गाडीला रुळातून वीज लागत नाही, त्यामुळे ॲल्युमिनियमचा स्वस्त रूळही चालतो. स्लीपरमध्ये मात्र काटकसर करू नका. उन्हाला न टिकणारं प्लॅस्टिक इथे लवकर पिठूळ होतं.

वाफेचा पांढरा झोत बघायचा असेल तर मोसम निवडावा लागतो. आपण जिला वाफ म्हणून बघतो ते खरं तर गार हवेत वाफेचे झालेले बारीक थेंब. उन्हाळ्याच्या कोरड्या, तापल्या हवेत हे थेंब तयार होताच विरतात. गाडी नीट चाललेली असते आणि धुराड्यातून काहीच निघताना दिसत नाही. पाहुण्यांना दाखवायचं असेल तर जानेवारीतली, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांतली सकाळ धरा.

फेरी संपल्यावरची दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. गॅस संपला, दाब उतरला की भरण्याचं बूच सैल करा. ते बंदच राहिलं तर आत उरलेली वाफ आकसून पोकळी तयार होते आणि ती पोकळी सिलिंडरकडचं तेल बॉयलरमध्ये ओढून घेते. तेलकट बॉयलरमध्ये पाणी फेसाळतं आणि पुढच्या वेळी गाडी पिचकाऱ्याच मारत बसते. मग तेलाच्या कुपीतलं पाणी काढा, बॉयलरमधलं उरलेलं पाणी कोमट असतानाच ओता आणि सगळं पुसा. दट्ट्याच्या दांड्यापाशी वाफ फुसफुसत असेल तर तिथला नट पाव फेरा आवळून बघा. तरी थांबली नाही तर आतला ग्राफाइटचा दोरा किंवा ओ-रिंग बदलायची झाली. रुळांवर उडालेलं तेल पुसलं नाही तर पुढच्या वेळी चाकं जागेवर फिरतात.

ठेवून देताना धुराड्याला आणि गॅसच्या तोंडाला टोपी लावा. कुंभारीण माशीला अशी भोकं फार आवडतात. ती आत चिखलाचं घर बांधून जाते. गॅसच्या जेटचं छिद्र मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढं असतं, त्याला एक कण पुरतो. जेट बुजला तर उलट्या बाजूनं हवा मारा. सुई खुपसू नका. छिद्र मोठं झालं की ज्योत पुन्हा कधीच नीट बसत नाही.

कायदा काय म्हणतो? १९२३ च्या बॉयलर कायद्यात २००७ मध्ये झालेल्या सुधारणेनं २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं 'बॉयलर' या व्याख्येतून वगळलं आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही ती मर्यादा तशीच आहे. म्हणजे गिरणीच्या बॉयलरला असतो तसा निरीक्षक आपल्या पाव लिटरच्या बॉयलरकडे येणार नाही. तपासणी आपणच करायची. बॉयलर गार पाण्यानं काठोकाठ भरायचा, आत हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही, सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी बूच लावायचं आणि हातपंपानं नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन काटा बघत थांबायचं. नवा बॉयलर असेल तर दुप्पट. हे पाण्यानंच करायचं, हवेनं कधीच नाही. पाणी दाबलं जात नसल्यामुळे सांधा सुटला तरी नुसती धार उडते, दाबलेली हवा मात्र तांब्याचे तुकडे उडवते. साइझिंगच्या (सुताला खळ देण्याच्या) किंवा साखर कारखान्याच्या बॉयलरवर काम केलेले कुणी काका ओळखीत असतील तर त्यांना बोलवा. सोलापुरात अशी माणसं गल्लोगल्ली सापडतात आणि काटा हलला की नाही हे त्यांना तुमच्याआधी दिसतं.

जुनं इंजिन विकत घ्यायचं असेल तर चकाकणाऱ्या रंगाकडे नंतर बघा. बॉयलरच्या सांध्यांवर हिरवट डाग आहेत का ते आधी बघा. तिथून पाणी झिरपतंय. भरण्याच्या तोंडातून बॅटरी मारून आत डोकवा, पांढरं खरखरीत दिसलं तर वर सांगितलेल्या लिंबूसत्वाचा खर्च किमतीतून कापायला सांगा. इंजिन उलटं धरून चाकं हातानं फिरवा. एकाच जागी अडत असतील तर दांडा वाकलाय. सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी बोटानं उचलून सोडा, ती आपसूक खाली बसली पाहिजे. आणि शेवटी विकणाऱ्याला विचारा, यात पाणी कुठलं घालत होता. "नळाचं" असं उत्तर आलं तर काचेच्या दोन्ही वाटा तुमच्यासमोर उघडून साफ करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.